घुमटाआधी नहर

पावसाळ्यात औंढ्याच्या शेतकऱ्याला पाणी आणायचे कुठून हा प्रश्न नसतो. आलेले पाणी काढून द्यायचे कुठे, हा असतो. लोणावळ्याच्या या पट्ट्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. वरच्या खाचराचा बांध फोडला की पाणी खालच्या खाचरात, तिथून त्याच्या खालच्यात, आणि शेवटी ओढ्याला. उतार ओळखायचा आणि पाण्याला वाट करून द्यायची, एवढेच काम. भातशेतीत मुरलेली ही नजर मोगल बागा पाहायला निघालेल्या माणसाजवळ असली तर त्याचे निम्मे काम झाले. त्या बागांतही सगळी करामत उताराचीच आहे.

मावळात मात्र मोगलांनी एकही बाग लावली नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत लोहगड आणि विसापूर होते. पाच वर्षांनी, १६७० मध्ये, ते पुन्हा स्वराज्यात आले. मधल्या काळात इथे मोगल आले ते किल्लेदार आणि शिबंदी म्हणून. पाच वर्षांत आंब्याला जेमतेम मोहोर येतो; बाग कुठली उभी राहायला!

तेव्हा औंढ्याच्या प्रवाशाला मोगल बाग पाहायची तर थोडे लांब जावे लागते, पण वाटते तितके लांब नाही. श्रीनगरचा शालिमार, आग्रा, दिल्ली ही नावे आधी तोंडात येतात आणि बेत तिथेच रेंगाळतो. छत्रपती संभाजीनगर मात्र औंढ्यापासून तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. लोणावळ्याहून लोकलने पुणे, पुण्याहून एस.टी. रांजणगाव, सुपे, अहिल्यानगर, नेवासे फाटा असे करत कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली की मराठवाडा लागतो. पावसाचा आकडा एव्हाना वर्षाला सातशे मिलिमीटरच्या घरात आलेला असतो. अशा मुलुखात राहणाऱ्यांनी बारमाही कारंजी उडवायचे मनावर घेतले, आणि ते साधलेही. कसे साधले, हे शोधत फिरण्यातच या प्रवासाची खरी गंमत आहे.

मोगल बागेचा आराखडा साधा असतो. भोवती उंच तटभिंत. आत एकमेकांना काटकोनात छेदणारे पाण्याचे दोन पाट, त्यांनी पाडलेले बागेचे चार भाग. पाट जिथे भेटतात तिथे चबुतरा, हौद किंवा थडगे. ही चारबाग मोगलांनी शोधलेली नाही. इराणातल्या पासारगाद येथे सायरस राजाच्या महालापाशी इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातले दगडी पाट सापडले आहेत. इराणातल्या अशा नऊ बागा २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत पासारगादही आहे. बाबराने ही रीत मध्य आशियातून आणि काबूलहून सोबत आणली. १५२६ ची पानिपतची लढाई जिंकल्यावर आग्र्यात त्याला पहिली खटकलेली गोष्ट म्हणजे खळाळते पाणी नसणे. आपल्या आठवणींत त्याने या देशाविषयी तक्रारींची लांबलचक यादीच दिली आहे. मग त्याने यमुनेकाठी बागा लावल्या आणि विहिरींवर रहाट बसवले. काबूलच्या डोंगरात जे काम झरा फुकट करत होता, ते इथे बैलांना करावे लागले.

हा फरक लक्षात ठेवून बागा पाहाव्यात. काश्मीरच्या शालिमारला किंवा निशातला डोंगरावरून ओढा येतो, पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो आणि दल सरोवराकडे जातो. तिथे माळ्याला पाणी फक्त वळवायचे असते. मैदानी बागेत ते आधी चढवावे लागते. ताजमहालच्या पश्चिमेला त्यासाठी बैलांच्या मोटा होत्या. नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने वर उचलून उंच टाक्यांत साठवत आणि तिथून नळांनी बागेत सोडत. कारंज्यांची एक अडचण असते: उगमाजवळचे जोरात उडते, लांबचे मलूल होते. ताजच्या कारागिरांनी प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचे एकेक भांडे बसवले. पाणी आधी ही भांडी भरते, मग सगळ्या तोट्यांतून एकाच वेळी, एकाच उंचीने वर येते. संगमरवराकडे टक लावून पाहणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जणांना हे तांब्याचे घट ठाऊक असतील, देव जाणे.

आणि उतार तरी केवढा? दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्याची बाग आगा खान ट्रस्ट आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून २००३ मध्ये पुन्हा वाहती केली. तेव्हा दगडी पाट नव्याने बसवताना दर ४० मीटरला १ सेंटीमीटर इतकाच उतार राखावा लागला. डोळ्याला तो सपाटच दिसतो. पाण्याला मात्र कळतो.

संभाजीनगरच्या वाटेवर अहिल्यानगरला थांबण्यात शहाणपण आहे. शहराबाहेरचा फराहबाग मोगलांचा नव्हे, निजामशाहीचा. १५८३ च्या सुमारास तो पुरा झाला. एका मोठ्या तळ्याच्या मधोमध अष्टकोनी, दुमजली महाल, भोवती पाणी, त्यापलीकडे बाग. पाणी लांबून नळांनी आणलेले. आज तळे बहुधा कोरडे असते, महालाचा गिलावा उडालेला, आणि वर्दळही फारशी नाही. तरीही तो आधी पाहावा, कारण मोगलांनी १६०० मध्ये हे शहर, तेव्हाचे अहमदनगर, जिंकले तेव्हा दख्खनेत पाणी खेळवायची विद्या आधीच रुजलेली होती, हे तो उघड्या पुराव्यानिशी दाखवतो. मोगल बाग उत्तरेतून बांधून आणून इथे ठेवली गेली असे कुणी समजत असेल, तर फराहबागेचा कोरडा हौद त्याचा समज दूर करतो.

आता बीबी का मकबरा. पाटीवर, पुस्तिकेत आणि रिक्षावाल्याच्या तोंडी ‘दख्खनचा ताज’ हे बिरुद ठरलेले. त्या बिरुदाने मकबऱ्याचे नुकसानच केले आहे. प्रवासी दारातून आत येतो, घुमटाकडे बघतो, मनातल्या मनात ताजशी ताडून पाहतो, मिनार जरा जास्तच ढोबळ वाटतात, मग चार फोटो आणि परत. पुढच्या वेळी वेरूळच करू, हा निष्कर्ष.

मकबरा ज्या दिलरस बानू बेगमचा, ती औरंगजेबाची पहिली बेगम. ऑक्टोबर १६५७ मध्ये ती याच शहरात गेली. महिनाभरापूर्वीच तिला मुलगा झाला होता. हाच तो शाहजादा अकबर, जो पुढे बापाविरुद्ध बंड करून १६८१ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला आणि सुधागडाच्या पायथ्याशी, पालीजवळ राहिला. म्हणजे लोणावळ्याच्या घाटाखालीच! मकबरा तिचा थोरला मुलगा आझमशहाने बांधला असे सर्रास सांगतात, आणि काळ म्हणून १६५१ ते १६६१ ही साले दिली जातात. बेगम वारली १६५७ मध्ये, तर थडग्याला १६५१ मध्ये कोण हात घालेल? आझमचा जन्म १६५३ चा. १६६१ मध्ये तो आठ वर्षांचा पोर. काम सुरू करवले बापानेच, हे मानणे अधिक सरळ.

कारागिरांची नावे मात्र दारावरच कोरलेली आहेत: आराखडा अताउल्लाचा, बांधकाम हंसपतराय याचे. अताउल्ला हा ताजच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे, अशी नोंद ‘तारीखनामा’ या ग्रंथात आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना संगमरवराने लादलेल्या तीनशे गाड्या त्याला वाटेत भेटल्या. त्यांतल्या सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते. इतके करूनही संगमरवर खाली कमरेएवढ्या पट्ट्याला आणि वर घुमटाला पुरला. मधला सगळा भाग इथल्याच काळ्या दगडाचा, त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा. जवळ जाऊन हात लावला तर संगमरवर संपून गिलावा कुठे सुरू होतो ते बोटांना कळते. गिलाव्यातल्या वेलबुट्ट्या काही ठिकाणी झिजल्या आहेत आणि खालचा काळा दगड डोकावतो. हा दगड मावळच्या माणसाला ओळखीचा वाटेल. लोहगडही त्याच बेसाल्टचा.

पण पाहायची ती बाग. सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद असे हे तटबंद आवार. दक्षिणेला मुख्य दरवाजा, बाकीच्या तीन बाजूंच्या भिंतींच्या मध्यावर बारादऱ्या. ताजमध्ये थडगे बागेच्या टोकाला, नदीवर आहे. इथे ते बागेच्या बरोबर मध्यावर आहे, हुमायूनच्या मकबऱ्यासारखे. जो नकाशा ताजचा म्हणून हिणवला जातो, तो मुळातच ताजच्याही मागे, दिल्लीला जाऊन भिडतो. ताजची नक्कल म्हणणाऱ्यांनी हे जरा थांबून पाहावे.

दरवाजातून आत आल्यावर मधोमध लांबलचक हौद, त्यात कारंज्यांची रांग, दोन्ही बाजूंना फरसबंदी वाटा. इथे मान वर करण्याआधी खाली घालावी. वाटा बागेच्या वाफ्यांपेक्षा उंच आहेत. ही चूक किंवा झीज नाही, तशीच योजना आहे. पाटाचे पाणी खोलगट वाफ्यात सोडले की वाफा भरतो, मुळांना भिजवतो, आणि वाटेवर चालणाऱ्याचे पाय कोरडे राहतात. पूर्वी या वाफ्यांत झाडे असत, फळझाडे आणि फुलझाडे. वाट उंच असल्यामुळे डाळिंबाची फुले किंवा लिंबाची डहाळी चालणाऱ्याच्या हाताच्या पातळीवर येई. सावलीही मिळे. आज बहुतेक मोगल बागांत जे गुळगुळीत हिरवळीचे गालिचे दिसतात ते इंग्रजी वळण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत ताजची दाट झाडी काढून हिरवळ आली, आणि तोच नमुना देशभर रूढ झाला. फोटोला ती छान दिसते. मे महिन्यात मकबऱ्यात दुपारी दोन वाजता उभे राहिले की मूळच्या झाडांची किंमत कळते.

थडगेही पाहण्यासारखे आहे, पण थोड्या वेगळ्या कारणासाठी. कबर तळघरात आहे, भोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोन. वरच्या मजल्याच्या जमिनीत तेवढाच अष्टकोनी झरोका ठेवलेला, त्यातून वाकून खाली पाहायचे. आत दिवसाउजेडीही अंधूक असते. डोळे सरावायला जरा वेळ द्यावा, लगेच मोबाइलचा दिवा लावू नये.

कारंजी बहुतेक वेळा बंद असतात. हौदात पाणी असेल तर नशीब. मग साहजिक प्रश्न येतो: चालू होती तेव्हा हे पाणी यायचे कुठून? खाम नदी जवळच आहे, पण तिच्यावर बारमाही बागेचा भरवसा ठेवता येणार नाही. उत्तर शहराच्या उत्तरेला, डोंगरांच्या पोटात आहे, आणि ते मोगलांच्याही आधीचे आहे.

अबिसिनियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता वजीर झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. नव्या राजधानीला पाणी हवे म्हणून त्याने नहर खोदली. डोंगरपायथ्याशी जमिनीखाली बोगदा घ्यायचा, त्यात पाझरून आलेले पाणी जमवायचे, आणि अगदी बारीक उताराने चुन्याच्या पाटांतून नि मातीच्या नळांतून ते शहरात न्यायचे. पंप नाही, बैल नाही. ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडे, गाळ काढायला आणि हवा खेळायला. वाटेत बांधीव मनोरे. नळातले पाणी त्यांत वर चढते, दाब मोडतो, कोंडलेली हवा सुटते आणि पुढच्या नळाला सावकाश लागते. मोगल आले तेव्हा ही व्यवस्था तयार होती. त्यांनी आणि नंतरच्यांनी तीच वाढवत नेली, नव्या पुऱ्यांना नव्या नहरी दिल्या. मकबरा ज्या बेगमपुऱ्याला लागून आहे, त्यालाही. मोगलांशी जन्मभर झुंजलेल्या माणसाने मोगलांच्या शहराला पाणी पाजले, असा हा दैवदुर्विलास.

मातीचा नळ कसा असतो हे पाहायचे असेल तर शहरातल्या जुन्या भिंतींकडे लक्ष ठेवावे. पडक्या मनोऱ्यांत भाजक्या मातीचे, एकात एक बसवलेले तुकडे दिसतात. सांध्यात चुना. हाताच्या पंजाएवढी तोंडे. एवढ्याशा नळावर शहर जगले, यावर आधी विश्वास बसत नाही.

मग पाणचक्की. मकबऱ्यापासून ती जवळच आहे आणि इथे पाणी अजून हलते. बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्याच्या आवारात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हे काम झाले. डोंगरातून जमिनीखालून आलेले पाणी एका उंच भिंतीत चढवलेले आहे. तिथून ते पडद्यासारखे हौदात कोसळते. त्याच जोरावर जाते फिरे आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. हौदाचा तळ हेच खालच्या मोठ्या दालनाचे छत आहे. वर पाणी, खाली माणसे बसलेली, आणि उन्हाळ्यात आत गारवा. आवारातला वड अवाढव्य आहे. त्याच्या सावलीत बसून पडणाऱ्या पाण्याकडे पाहिले की मकबऱ्यातल्या मुक्या कारंज्यांचा अर्थ लागतो. म्हणून शक्य असेल तर क्रम उलटा करावा: आधी पाणचक्की, मग मकबरा.

दिल्ली दरवाजाजवळचा हिमायत बाग सहसा कुणी पाहत नाही. जुनी मोगल बाग, आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र. आंबे, जुनी झाडे, पक्षी. पर्यटनाच्या दृष्टीने इथे ‘बघण्यासारखे’ काही नाही, पण बागेचा मूळ हेतू सांभाळलेली अशी जागा विरळाच. मोगल बागा नुसत्या विलासासाठी नव्हत्या. फळांचा लिलाव होई, त्या पैशातून माळ्यांचे पगार आणि थडग्याची देखभाल चाले.

दुसऱ्या दिवशी खुलताबाद. दौलताबादच्या वाटेवर हंगामात पेरू आणि सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात. खुलताबादेत औरंगजेबाची कबर आहे, उघड्या आकाशाखाली, छत नसलेली. ३ मार्च १७०७ रोजी अहिल्यानगरजवळ तो वारला आणि स्वतःच्या इच्छेने इथे साधेपणाने पुरला गेला. बेगमेसाठी सहा लाखांवर रुपये, स्वतःसाठी माती आणि वर एक रोप. भोवतीची जाळी नंतरची. त्याच गावात बनी बेगमची बाग आहे. औरंगजेबाच्या घराण्यातल्या या बाईचे थडगे भिंतीआडच्या बागेत मध्यभागी आहे. मकबऱ्यासारखा थाट नाही, गर्दीही नाही. पाटांच्या जागा, कारंज्यांची तोंडे आणि कोपऱ्यांतले मंडप निवांत शोधता येतात. घाई नसणाऱ्याला मकबऱ्यापेक्षा हीच जास्त आवडेल, असे सांगण्याचे धाडस करायला हरकत नाही. वेरूळ इथून हाकेच्या अंतरावर, पण लेणी मंगळवारी बंद असतात; बेत आखताना तेवढे पाहावे.

परतीला पुण्यात थोडा वेळ मिळाला तर शनिवारवाडाही याच नजरेने पाहता येतो. आतल्या बागेतले हजारी कारंजे सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे आहे. त्याला पाणी कात्रजहून येई. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर तलाव बांधून जमिनीखालच्या बांधीव नळाने ते शहराच्या हौदांत आणि वाड्यात आणले. दिल्लीच्या बादशहाशी पेशव्यांचे राजकारण जसे चालायचे तसे चालले, पण बागेत पाणी खेळवायची चाल त्यांनी खुशाल उचलली.

ज्यांच्या हाताशी आणखी दोन दिवस असतील त्यांनी मागे न फिरता अजिंठा ओलांडून बुऱ्हाणपूर गाठावे (अजिंठा सोमवारी बंद). गाव मध्य प्रदेशात, पण बाजारात मराठी कानावर पडते. १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल इथल्या किल्ल्यात गेली आणि तापीपलीकडच्या जैनाबादेत, आहूखान्याच्या बागेत, सहा महिने तात्पुरती पुरली गेली. आग्र्याला नेले ते नंतर. आहूखान्याचे आज भग्न मंडप उरले आहेत, सोबतीला गवत आणि शेते. गावाबाहेरच्या कुंडी भंडाऱ्यात मात्र १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानानने करवून घेतलेला भुयारी पाट अजून जिवंत आहे. लोखंडी पाळण्यातून सुमारे ऐंशी फूट खाली उतरवतात. भिंतींवर चुनखडीची पांढरी पुटे चढलेली, पायाखाली स्वच्छ, गार, सावकाश सरकणारे पाणी, आणि वर एकामागून एक गोल तोंडांतून येणारा उजेड. २०२४ मध्ये हे ठिकाण युनेस्कोच्या संभाव्य यादीत आले. उतरण्यापूर्वी पाळणा चालू आहे की नाही, तेवढी चौकशी गावातच करून घ्यावी.